गुलाबी पाण्यातला पंप

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी अचानक गुलाबी झाले. छायाचित्रे मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आणि तर्कांना ऊत आला. पाण्याचे नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की हा रंग ‘हॅलोआर्किया’ नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटले, खारेपणा वाढला, तसे हे जीव वाढले. नमुना नुसता ठेवून दिल्यावर ते तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. कोडे सुटले आणि बातमी संपली.

खरे तर गोष्ट तेथून सुरू व्हायला हवी होती. कारण या कुळातल्या एका सूक्ष्मजीवाने गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकाला दोन मोठ्या गोष्टी शिकवल्या. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात, हे त्याने सिद्ध करून दाखवले. आणि दृष्टी गेलेल्या डोळ्याला पुन्हा प्रकाशाची जाणीव देण्याची वाट त्याच्याच गोतावळ्यातून निघाली. या दोन्ही गोष्टींसाठी कोणी खाऱ्या पाण्याकडे गेले नव्हते. म्हणूनच आज त्याबद्दल लिहायचे आहे.

हे जीव पाहायला लोणारला जाण्याचीही गरज नाही. १९३० मध्ये जेथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडे, तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात असलेले आणि आता सिंधुदुर्गात गेलेले, मिठागरांचे गाव. मिठागरात खाडीचे पाणी वाफ्यात अडवतात आणि उन्हाने आटवतात. मीठ धरण्याच्या बेतात आलेल्या दाट पाण्यावर अनेकदा लालसर-गुलाबी झाक येते. ती याच कुळातल्या जीवांची. गोवा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी गोव्याच्या मिठागरांतून असे जीव वेगळे करून प्रयोगशाळेत वाढवले आहेत. ज्या पाण्यात मासा जगत नाही, बेडूक जगत नाही, लोणच्यासारखे सारे खारवून जाते, तेथे हे मजेत राहतात. दिसायला ते जिवाणूंसारखे असले तरी जिवाणू नव्हेत. ‘आर्किया’ ही जीवसृष्टीची स्वतंत्र शाखा आहे, हे १९७७ मध्ये अमेरिकेतील कार्ल वूज यांनी मांडले.

रंगाबाबत एक खुलासा आधीच करायला हवा. पाण्याला येणारा गुलाबी रंग मुख्यतः या जीवांतील गाजराच्या रंगद्रव्याच्या जातीतल्या द्रव्यांचा असतो. कडक उन्हापासून ती पेशीचे रक्षण करतात. पण यातल्या अनेक जातींच्या पेशीच्या आवरणात आणखी एक, जांभळा पदार्थ असतो. आपली गोष्ट त्या जांभळ्या पदार्थाची आहे.

त्याचा शोध १९७१ सालचा. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठात वॉल्थर स्टोकेनिअस हे ‘हॅलोबॅक्टेरियम’ या मीठप्रेमी जीवाच्या आवरणाचा अभ्यास करत होते. जर्मनीहून काही काळासाठी आलेले डीटर ऑस्टरहेल्ट त्यांच्यासोबत होते. आवरणाचे जांभळे तुकडे वेगळे काढून त्यांनी तपासले, तेव्हा त्यात एकच प्रथिन निघाले आणि त्या प्रथिनाला चिकटलेला रेणू होता ‘रेटिनल’. रेटिनल हे जीवनसत्त्व ‘अ’चेच एक रूप. आपल्या डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपतो तो हाच रेणू. डोळाच नसलेल्या, एकपेशीय जीवाला तो कशाला हवा? दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, दोघांनी उत्तर दिले : हे प्रथिन पाहण्यासाठी नाही, ते पंप आहे. प्रकाश पडला की ते पेशीतले प्रोटॉन बाहेर फेकते. त्याला ‘बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन’ असे लांबलचक नाव मिळाले.

प्रोटॉन म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला जिभेने ठाऊक आहे. कोकमाच्या आगळाचा आंबटपणा हा मोकळ्या प्रोटॉनांचाच, म्हणजे धनभारित हायड्रोजन कणांचा. जितके ते अधिक, तितके पाणी आंबट. आपल्या जठरातही प्रोटॉन बाहेर टाकणारे पंप आहेत. रक्ताच्या तुलनेत जठररसातले त्यांचे प्रमाण दहा लाख पटींहून अधिक होऊ शकते, ते त्या पंपांमुळे. ‘पित्ताची गोळी’ म्हणून घरोघरी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल हेच पंप बंद करते. फरक इतकाच की जठरातला पंप पेशीने साठवलेली ऊर्जा खर्च करून चालतो आणि मिठागरातला पंप थेट उन्हावर.

तो चालतो कसा, हे समजायला आपल्याकडच्या जुन्या विहिरीवरचे रहाटगाडगे डोळ्यांपुढे आणावे. गाडगे खाली पाण्यात भरते, वर येऊन पन्हळीत रिकामे होते, आणि रिकामे होऊनच पुन्हा खाली जाते. बैल फिरत राहिला की पाणी एकाच दिशेने चढत राहते. येथे बैलाच्या जागी प्रकाश आहे आणि गाडग्याच्या जागी रेटिनल.

हे प्रथिन २४८ अमिनो आम्लांची एक साखळी आहे. ती साखळी सात वेळा पेशीच्या आवरणातून आरपार जाते, म्हणजे सात वेटोळी खांब गोलाकार उभे राहतात. त्यांच्या मधोमध रेटिनल आडवे बसलेले असते. एका सांध्याने ते सातव्या खांबाला जोडलेले असते आणि त्या सांध्यावर एक प्रोटॉन असतो. अंधारात रेटिनलची शेपटी सरळ असते. प्रकाशाचा एक कण तिच्यावर आदळला की ती तेराव्या कार्बनपाशी वाकते. एवढ्याशा वाकण्याने सांध्यावरचा प्रोटॉन सुटतो आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या एका अमिनो आम्लाकडे जातो. त्याच वेळी पृष्ठभागावरून एक प्रोटॉन बाहेरच्या पाण्यात पडतो. आता सांधा रिकामा आहे. प्रथिनाचा आकार थोडा बदलतो, सांध्याचे तोंड आतल्या बाजूला होते, आणि आतल्या बाजूचे दुसरे अमिनो आम्ल आपला प्रोटॉन त्याला देते. मग ते स्वतःची भरपाई पेशीच्या आतून करून घेते. रेटिनल पुन्हा सरळ होते आणि पुढच्या प्रकाशकणाला तयार राहते.

ही सगळी फेरी सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात पुरी होते. एका प्रकाशकणात एक प्रोटॉन बाहेर. प्रोटॉन उलटा आत का येत नाही, याचे उत्तर त्या दोन अमिनो आम्लांच्या क्रमात आहे : बाहेरचा दरवाजा उघडा असतो तेव्हा आतला बंद, आणि आतला उघडतो तेव्हा बाहेरचा बंद. कोणते अमिनो आम्ल काय काम करते, हे एकेक बदलून पाहण्याचे चिकट काम १९८०च्या दशकात अमेरिकेत हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेने केले. जनुकीय संकेतावरील कामासाठी १९६८ चे नोबेल मिळाल्यानंतर खुरानांनी उमेदीची कित्येक वर्षे या एका मिठातल्या प्रथिनाला दिली. ब्रिटनमधील रिचर्ड हेंडरसन यांनी याच जांभळ्या आवरणावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रचना वाचण्याची पद्धत बसवली. १९७५ मध्ये त्यांना सात खांब दिसले, १९९० मध्ये जवळजवळ अणू दिसू लागले. त्या पद्धतीच्या विकासासाठी २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत हेंडरसन होते. करोना विषाणूच्या काट्याची रचना २०२० च्या सुरुवातीला काही आठवड्यांत कळली आणि लशींच्या कामाला आली, ती याच तंत्राने.

पण प्रोटॉन बाहेर फेकून त्या जीवाला मिळते काय? पोफळीच्या वीजघराचे उदाहरण घेऊ. कोयनेचे पाणी उंचावर अडवले आहे; ते बोगद्यातून खाली सोडले की चाके फिरतात आणि वीज होते. बाहेर फेकलेले प्रोटॉन हे असे अडवलेले पाणी. बाहेर गर्दी, आत टंचाई. शिवाय आतला भाग ऋणभारित. त्यामुळे प्रोटॉन आत यायला धडपडतात. पेशीच्या आवरणात त्यांना येण्यासाठी एक खास वाट ठेवलेली असते : ‘एटीपी सिंथेज’ नावाचे, खरोखर गरगर फिरणारे रेणूचे चाक. प्रोटॉन त्यातून आत येताना चाक फिरते आणि ‘एटीपी’ हा रेणू तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे. प्रत्येक लहानमोठा खर्च त्यांतून होतो.

हा जीव प्राणवायू मिळतो तोवर आपल्यासारखाच श्वसन करतो. पण तापलेल्या, मिठाने दाटलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो. तो कमी पडला की जांभळे पंप वाढतात आणि गडी उन्हावर गुजराण करू लागतो. हे झाडाचे प्रकाशसंश्लेषण नव्हे. येथे हरितद्रव्य नाही, हवेतल्या कार्बनपासून साखर होत नाही, प्राणवायूही सुटत नाही. उन्हातून फक्त काम चालवण्यापुरती ऊर्जा. एका प्रथिनाने होणारी इतकी साधी सोय निसर्गात दुसरी क्वचितच असेल.

याच साधेपणाने वैद्यकातला एक मोठा वाद मिटवला. आपल्या पेशीत एटीपी कसे बनते, याबद्दल ब्रिटनचे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये एक विचित्र वाटणारी कल्पना मांडली होती : अन्नाच्या ज्वलनातून प्रोटॉन आवरणापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनते. बहुतेक जाणकारांना ते पटले नव्हते. मिचेल पुढे कॉर्नवॉलच्या ग्रामीण भागात, ग्लिन हाऊस या जुन्या वाड्यात थाटलेल्या छोट्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. १९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि स्टोकेनिअस यांनी एक प्रयोग केला. सोयाबीनच्या स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म बुडबुडे घेतले. त्यांच्या आवरणात मिठातल्या जीवाचा जांभळा पंप बसवला आणि गोवंशातील प्राण्याच्या हृदयातून काढलेले एटीपीचे चाक बसवले. वनस्पती, प्राणी आणि आर्किया यांची अशी मोट बांधल्यावर त्यावर प्रकाश सोडला. एटीपी तयार झाले. पंप आणि चाक यांच्यात प्रोटॉनखेरीज दुसरा कोणताही दुवा नव्हता. मिचेल यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

आज आम्ही रुग्णालयात जे पाहतो त्याच्या मुळाशी हाच प्रवाह आहे. माणसाच्या पेशी दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतके एटीपी घडवतात आणि खर्च करतात. सायनाइडसारखे विष हे पेशीतले प्रोटॉन पंप थांबवते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, फुप्फुसे ठीक असतात, तरी माणूस मिनिटांत दगावतो, कारण चाक फिरायचे थांबलेले असते. ही समज आम्हाला पाठ्यपुस्तकातून सहज मिळाली. तिचा एक भक्कम पुरावा मिठाच्या पाण्यातून आला आहे.

दुसरी शिकवण डोळ्याची. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले की मुलाला संध्याकाळी दिसेनासे होते, कारण पडद्यातल्या पेशींना रेटिनल मिळत नाही. हॅलोबॅक्टेरियम आपले रेटिनल बीटा-कॅरोटिनचा रेणू मधोमध तोडून मिळवतो. आपले शरीरही तसेच करते. फरक असा की तो बीटा-कॅरोटिन स्वतः बनवतो आणि आपल्याला ते पानातून खावे लागते : शेवग्याचा पाला, अळू, माठ, लाल भोपळा, पपई, हंगामात आंबा. म्हणूनच नवव्या महिन्यात एक लाख एककांचा आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा, असे जीवनसत्त्व ‘अ’चे एकूण नऊ डोस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत दिले जातात. पहिला डोस गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर बहुतेक मुलांना मिळतो. पुढचे, लस नसलेल्या महिन्यांतले डोस राहून जाणे सोपे असते. आपल्या मुलाचे कार्ड एकदा काढून पाहावे.

पण काही रातांधळेपणा डोसाने जात नाही. ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या आनुवंशिक आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात. आधी रात्री दिसेनासे होते, मग दृष्टीचा घेर आकसत बोगद्यासारखा होतो, आणि काहींना पुढे काहीच दिसत नाही. मात्र पडद्यातल्या आतल्या थरातील, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी अनेकदा पुष्कळ काळ जिवंत राहतात. टपाल नेणारा हजर आहे, पण पत्र लिहिणारा गेला, अशी स्थिती. मग नेणाऱ्यालाच प्रकाश ओळखायला शिकवता येईल का?

येथे सूक्ष्मजीवांचे प्रथिन उपयोगी पडते. आपल्या डोळ्यातले रेटिनल प्रकाश पडल्यावर प्रथिनापासून सुटते आणि ते पुन्हा वापरण्याजोगे करायला शेजारच्या पेशींची मदत लागते. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनात ते सुटतच नाही. जागच्या जागी वाकते आणि सरळ होते. म्हणजे एकच जनुक पेशीत घातले की काम भागते. गोड्या पाण्यातील एका हिरव्या शेवाळात पंपाऐवजी प्रकाशाने उघडणारे दार असलेले असे प्रथिन २००२-०३ मध्ये सापडले. २००५ मध्ये त्याने मज्जापेशी चेतवून दाखवल्या. २०१० मध्ये बोटोंड रोस्का आणि सहकाऱ्यांनी याच आजाराच्या उंदरांच्या डोळ्यात दुसरे एक प्रथिन घातले. तो प्रोटॉनऐवजी क्लोराइड ओढणारा प्रकाशपंप होता आणि तो घेतला होता सोडा सरोवरांत राहणाऱ्या एका आर्कियातून. लोणारही सोडा सरोवरच आहे. उंदरांच्या निकामी झालेल्या पेशी पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या.

मे २०२१ मध्ये माणसातला पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांपूर्वी या आजाराचे निदान झालेल्या ५८ वर्षांच्या एका अंध पुरुषाच्या एका डोळ्यात, शेवाळाच्या दार-प्रथिनाचे जनुक निरुपद्रवी विषाणूमार्फत सोडण्यात आले. त्यानंतर महिनोन् महिने सराव झाला. समोरचे दृश्य योग्य रंगाच्या प्रकाशात बदलून डोळ्यावर टाकणारा खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरची वही शोधता आली, पेले मोजता आले, रस्त्यावरचे पांढरे पट्टे जाणवले. वाचता आले नाही, चेहरे ओळखता आले नाहीत, आणि चष्म्याविना काहीच दिसले नाही. एवढेच. पण वर्षानुवर्षे अंधारात असलेल्या माणसासाठी ते ‘एवढेच’ किती मोठे असेल, हे सांगायला नको.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. ही पद्धत अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. आपल्याकडच्या दवाखान्यात मिळणारा तो उपचार नाही. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली, अमुक थेंबांनी, तमुक इंजेक्शनांनी हा आजार बरा करू असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून या आजाराची कुटुंबे बाग आणि दागिने गहाण टाकतात. उपचाराचे लाखो रुपये मागणारा माणूस तो उपचार ‘संशोधन’ असल्याचेही सांगत असेल, तर तेथून उठून यावे. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत आणि चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत असते. त्याऐवजी आज हाती असलेले करावे : नेत्रतज्ज्ञाकडून पक्के निदान, शक्य तेथे जनुकीय तपासणी, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पांढऱ्या काठीचे आणि मोबाइलचे प्रशिक्षण. घरात हा आजार असेल तर आते-मामे भावंडांत लग्न जुळवण्यापूर्वी सल्ला घ्यावा. दोन्ही बाजूंनी तेच सदोष जनुक येण्याची शक्यता अशा नात्यात वाढते.

आणि एक मागणी, समाज म्हणून. संशोधनाचा पैसा मागताना आपल्याकडे पहिला प्रश्न येतो : याचा उपयोग काय? १९७१ मध्ये हा प्रश्न त्या जांभळ्या तुकड्यांबद्दल विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच होते. अंधत्वावर उपाय शोधणाऱ्या कोणीही मिठागराकडे बोट दाखवले नसते. पुढे २००० मध्ये समुद्रातल्या जिवाणूंतही असेच प्रकाशपंप सापडले, आणि भूमध्य समुद्रातल्या मोजमापांवरून २०१९ मध्ये दिसले की पृष्ठभागाजवळ ते हरितद्रव्याच्या तोडीस तोड ऊन टिपत असावेत. म्हणजे समुद्राच्या पोटात ऊन कुठे जाते, हा हिशेबही पुन्हा मांडावा लागला.

उपयोग ठरण्याआधी जागा मात्र टिकली पाहिजे. लोणारला २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. सांडपाणी आणि गोडे पाणी शिरून त्याचा खारेपणा बिघडला तर त्या दर्जाला अर्थ उरणार नाही. मिठागरे बंद पडताना, त्यांवर भराव पडताना आपण फक्त जमिनीचा भाव पाहतो. निदान भराव टाकण्यापूर्वी तेथले पाणी जवळच्या विद्यापीठाने, महाविद्यालयाने तपासावे, त्यातले जीव जतन करावेत, आणि हा खर्च जमीन घेणाऱ्यावर टाकावा. आपल्या तालुक्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना सूक्ष्मदर्शक आणि खाडीच्या पाण्याची बाटली एवढ्यावरही हे काम सुरू करता येईल.